पॉवर ट्यूब बदलताय? मग या चुका टाळा

गिटार अँपची पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद पुरवणारी काचेची नळी) म्हणजे घरातला बल्ब नव्हे. तरी बहुतेक जण ती तशीच बदलतात. जुनी जोडी ओढून काढली, नवी खुपसली, स्वीच टाकला आणि "काय टोन मोकळा झाला!" म्हणून खूश. तो मोकळेपणा बरेचदा एवढाच असतो की नवी ट्यूब जरुरीपेक्षा जास्त करंट ओढतेय. अशी ट्यूब फार दिवस टिकत नाही.

बायस न तपासणं

बायस म्हणजे कंट्रोल ग्रिडवरचं, म्हणजे ट्यूबमधला करंट आवरणाऱ्या जाळीवरचं, उणे व्होल्टेज. गिटार गप्प असताना ट्यूबने किती करंट ओढायचा हे त्यावर ठरतं. आणि एकाच नावाच्या दोन ट्यूब एकाच बायसला सारखा करंट ओढतील याची काही खात्री नसते. "पण मी मॅच्ड पेअर घेतलीय" हे उत्तर ठरलेलं. ती जोडी एकमेकींशी मॅच असते हो, तुमच्या अँपशी नाही.

यातून बिघडलेल्या अँपची कहाणी थोड्याफार फरकाने एकच असते. अँप ६एल६ (पॉवर ट्यूबची एक जात) जोडीचा, प्लेटवर (ट्यूबमधला करंट गोळा करणाऱ्या पत्र्यावर) ४५० व्होल्ट, जुन्या ट्यूब ३५ मिलिअँपवर सुखात चाललेल्या. नवी जोडी त्याच बायसला प्रत्येकी ७० मिलिअँप ओढते. ४५० गुणिले ०.०७० म्हणजे ३१.५ वॉट, आणि ६एल६जीसीची (६एल६चाच एक प्रकार) प्लेट सोसते ३० वॉट, तेही कमाल. पहिली दहा मिनिटं सगळं छान वाटतं. मग प्लेटच्या मधोमध विटकरी लाल डाग दिसायला लागतो. तो कोणी बघत नाही, कारण ट्यूब मागच्या बाजूला असतात. प्लेट तापते, करंट आणखी वाढतो, स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टर करपतो आणि फ्यूज उडतो. इथे थांबलं तर नुकसान किरकोळ असतं. पण फ्यूज उडाला म्हणून कोणीतरी त्याच जागी जाड फ्यूज घालतो, आणि मग जळतो तो ट्रान्सफॉर्मर.

हिशोब सोपा आहे. फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळं उणे व्होल्टेज देणाऱ्या) अँपमध्ये शांत अवस्थेत प्लेटच्या कमाल वॉटच्या ७० टक्क्यांपर्यंतच जायचं. ६एल६जीसीसाठी ते २१ वॉट. ४५० व्होल्टला म्हणजे ४६-४७ मिलिअँप. ईएल३४ या दुसऱ्या जातीची मर्यादा २५ वॉट, म्हणून तिथे तोच आकडा ३९ वर येतो. मी स्वतः ६० टक्क्यांवरच थांबतो. त्यापुढे कानाला मिळतं थोडं आणि ट्यूबचं आयुष्य जातं बरंच. उलट फार थंड ठेवलं तर हळू वाजवताना सुरांच्या कडा खरखरतात, तेही नको.

मोजायचं असं: नव्या ट्यूब बसवण्याआधी, रिकाम्या सॉकेटवर, अँप स्टँडबायवर (चालू, पण प्लेटचं व्होल्टेज बंद) ठेवून दोन्ही सॉकेटच्या ५ नंबर पिनवर, म्हणजे कंट्रोल ग्रिडच्या पिनवर, उणे व्होल्टेज येतंय का बघा. एका सॉकेटवर येत नसेल तर तिथे ट्यूब लावायचीच नाही. बायसचा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) सर्वांत जास्त उणे बाजूला फिरवून ठेवा. मग अँप बंद करून ट्यूब बसवा, स्पीकर जोडा, व्हॉल्यूम शून्यावर आणा. कॅथोड (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँप. त्यात स्क्रीनचेही काही मिलिअँप असतात, म्हणजे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला. मीटरच्या क्लिपा अँप बंद असतानाच लावा, मग अँप चालू करून पॉटने करंट हळूहळू वाढवा. करंट वाढवला की प्लेटचं व्होल्टेज उतरतं, म्हणून दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा बघा. पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि काही तास वाजवून झाल्यावर आणखी एकदा. ही पंधरा मिनिटं ज्याला जड वाटतात, त्याने ट्यूबच्या नादी लागू नये.

व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या (कॅथोडवरच्या रेझिस्टरनेच बायस ठरणाऱ्या) अँपमध्ये फिरवायला पॉट नसतो. तिथल्या चार ईएल८४ आधीच मर्यादेच्या काठावर चालतात, म्हणून कॅथोड रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून खात्री करा. मेसा बुगीच्या बहुतेक अँपमध्येही पॉट नसतो. तिथे करंटनुसार निवडलेल्या ट्यूबच घ्याव्या लागतात.

"बसते ना, मग चालते"

आठ पिनांच्या सॉकेटमध्ये ६व्ही६, ६एल६, ईएल३४, ६५५०, केटी८८ सगळ्या बसतात. म्हणून त्या आपसात बदलता येतात असं नाही. पहिला प्रश्न हीटरचा, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचा. ६.३ व्होल्टला ६व्ही६ ०.४५ अँपिअर घेते, ६एल६ ०.९ आणि ईएल३४ १.५. ६एल६ची जोडी काढून ईएल३४ लावली की पॉवर ट्रान्सफॉर्मरवर १.२ अँपिअरचा जादा बोजा पडतो. तो पेलवेल का, हे आधी बघायचं. वास आल्यावर नाही.

दुसरा घोळ पिन १ चा. ६एल६ मध्ये तिचा उपयोग नसतो, तर ईएल३४ मध्ये तीच सप्रेसर ग्रिडची (प्लेटजवळच्या तिसऱ्या जाळीची) पिन, आणि ती पिन ८ ला म्हणजे कॅथोडला जोडलेली हवी. अनेक फेंडर अँपमध्ये रिकामी पिन १ केवळ टेकू म्हणून वापरून १.५ किलोओहमचा ग्रिड रेझिस्टर १ आणि ५ यांच्यामध्ये लावलेला असतो. तिथे ईएल३४ खुपसली की सप्रेसर ग्रिड थेट उणे बायसवर जाते. रेझिस्टर तिथून हलवा, १ आणि ८ तारेने जोडा. त्यानंतर ६एल६ही तशीच चालते.

शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा लोड एका जातीच्या ट्यूबसाठी ठरवलेला असतो. ६व्ही६च्या अँपमध्ये ६एल६ घालून दुप्पट आवाज मिळत नाही, तापलेला अँप मात्र मिळतो.

बाकीच्या, थोडक्यात

स्पीकर न जोडता अँप चालू करू नका, दोन सेकंदही नाही.

ट्यूब काच धरून पिळू नका. बेस धरून हलकेच डोलवत काढा. मधली खुंटी तुटली असेल तर ती ट्यूब फेकून द्या, कारण चुकीच्या कोनात बसली तर हीटरच्या पिनवर प्लेटचं व्होल्टेज जाऊ शकतं.

आत हात घालण्याआधी प्लग काढा आणि मोठे कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा. मीटरने खात्री करा, आणि काम संपेपर्यंत क्लिप काढू नका. उतरवलेला कपॅसिटरही थोडा परत चढतो.

काचेच्या आतल्या भिंतीवरची निळी झाक निरुपद्रवी असते. प्लेटच्या आत गुलाबी-जांभळं धुकं दिसलं तर ट्यूबमध्ये गॅस आहे. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. ती ट्यूब संपली.

चारपैकी दोन ट्यूब काढून आवाज कमी करायचा असेल तर दोन्ही बाजूंतली एकेक काढा (नेहमीच्या मांडणीत बाहेरच्या दोन किंवा आतल्या दोन). ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या जॅकमध्ये लावा आणि बायस पुन्हा मोजा.

काढलेल्या जुन्या ट्यूब चालू असतील तर टाकून देऊ नका. बेसवर तारीख, प्लेटचं व्होल्टेज आणि मिलिअँप लिहून ठेवा. पुढच्या वेळी अँप गुणगुणला तर दोष ट्यूबचा की सर्किटचा, ते त्या जोडीने पाच मिनिटांत कळतं.