जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल बदलताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी 2008च्या सिव्हिकसाठी ऑटोमॅटिकचं ऑइल मागितलं. काउंटरवरच्या मुलाने गाडी कोणती हेही न विचारता डबा पुढे सरकवला. "लालच असतं ते. सगळ्यांना चालतं."

जुन्या ऑटोमॅटिक गाड्या याच वाक्याने बिघडतात. लाल हा नुसता रंग आहे. गळती झाली तर जमिनीवरचा डाग इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे कळावं म्हणून तो घालतात. पॉवर स्टिअरिंगचं ऑइलही बऱ्याचदा लालच असतं. तेव्हा रंग बघून ऑइल घेणं ही पहिली चूक, आणि सगळ्यात महाग पडणारीही हीच.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइलचं मुख्य काम दातांना वंगण देण्याचं असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच ऑइल दाब पोचवतं, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा भाग) ताकद पुढे नेतं, उष्णता बाहेर काढतं आणि क्लच प्लेट कशा पकडतील हेही ठरवतं. त्या पकडीसाठी प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं असतं. फोर्डचं जुनं टाइप-एफ घट्ट पकडणारं होतं, जनरल मोटर्सचं डेक्स्रॉन मऊ पकडणारं. रंग दोन्हींचा लालच. चुकीचं ऑइल पडलं की गिअर बदलताना झटके बसतात, नाहीतर क्लच घसरू लागतो.

मग नाव कुठे सापडेल? आधी डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीच्या, मुठीवर किंवा दांडीवर बघा, बऱ्याच गाड्यांत ते तिथेच कोरलेलं असतं. तिथे नसेल तर ओनर्स मॅन्युअलमध्ये. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरवाल्या ऑटोमॅटिकना एसपी-थ्री लागतं. टोयोटाच्या कोणाला टी-फोर, कोणाला डब्ल्यूएस. डब्ल्यूएस पातळ आहे, ते टी-फोरच्या जागी ओतू नका. होंडाने मात्र जुन्या झेड-वनऐवजी डीडब्ल्यू-वन चालतं असं स्वतः सांगितलंय, म्हणून माझ्या सिव्हिकमध्ये मी तेच घालतो. डब्यावर "डेक्स्रॉन-थ्री" छापलेलं दिसलं, तर एवढं लक्षात ठेवा की त्या नावाचे परवाने जनरल मोटर्सने 2006 अखेर बंद केले. आज ते नाव म्हणजे ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. चांगला ब्रँड असेल तर मी तो मानतो, अनोळखी असेल तर घेत नाही.

आणखी एक गल्लत वारंवार बघतो. क्लच पेडल नाही म्हणजे सगळ्या गाड्या एकाच जातीच्या, असं लोक धरून चालतात. 2003 ते 2008च्या होंडा सिटीतली ऑटोमॅटिक सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी. तिच्या आतल्या पोलादी पट्ट्याला सीव्हीटीचंच ऑइल लागतं, साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, तिथे घात करतं. एएमटी गाडीचा (जिथे क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्रणा हाताळते) गिअरबॉक्स तर मुळात मॅन्युअलच, त्यात मॅन्युअलचं गिअर ऑइल जातं.

आता लेव्हल. इंजिन ऑइल तपासायच्या सवयीने थंड गाडीची डिपस्टिक ओढून काढली, तर आकडा खोटा येतो. गाडी आधी चांगली तापू द्या, चारही चाकं सपाट जमिनीवर हवीत. टोयोटात इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कमध्ये आणायचा आणि मग बघायचं. जुन्या ह्युंदाईत न्यूट्रलमध्ये. होंडात नेमकं उलटं: इंजिन बंद करायचं आणि 60 ते 90 सेकंदांच्या आत बघायचं. होंडाला टोयोटाची पद्धत लावली की लेव्हल कमी दिसते, मग माणूस जास्तीचं ओतत बसतो. जास्त झालेलं ऑइल घुसळून फेसाळतं, आणि फेसाला दाब धरता येत नाही. पुसायला धागे न सोडणारं कापड घ्या.

खाली शिरल्यावर चुकीचा बोल्ट खोलणं हेही सर्रास घडतं. इंजिनचा समजून गिअरबॉक्स रिकामा करतात आणि वरून इंजिनमध्ये चार लिटर आणखी ओततात. होंडाच्या गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टला बाहेर सहा बाजूंचं डोकं नसतं. त्यात चौकोनी खाच असते, सॉकेटचा 3/8 इंची रॅचेट थेट बसतो. खोलण्याआधी भरायचा मार्ग मोकळा आहे ना, हे बघून घ्या. वॉशर दरवेळी नवा. बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. धातूचे चकाकते तुकडे दिसले तर मात्र थांबा. निघालेलं ऑइल मोजा आणि तेवढंच परत भरा.

सिव्हिकमध्ये एका वेळी अडीच लिटरच्या आसपास निघतं. आत एकूण सहाच्या आसपास असतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदा बदललं की निम्म्याहून जास्त जुनंच उरतं. मध्ये थोडे दिवस गाडी चालवून तीनदा बदला, म्हणजे सुमारे 80 टक्के नवं होतं. काही गॅरेजवाले मशिनने फ्लश करा, म्हणजे सगळं जुनं ऑइल एकदम काढा, म्हणतात. दोन लाख किलोमीटर धावलेल्या आणि ऑइल कधी बदलल्याची नोंद नसलेल्या गाडीला मी तो करू देणार नाही, कारण बसलेला गाळ सुटून ऑइलचा दाब वाटणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. "या ऑइलला आयुष्यभर बघायला नको" हेही ऐकू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला असं सांगते.

ऑइल काळं असेल, जळका वास येत असेल, इंजिन रेस होतंय पण गाडी पुढे सरकत नसेल, तर क्लच प्लेट झिजल्या आहेत. नव्या ऑइलने त्या परत येत नाहीत. तेव्हा पैसे ऑइलवर घालवण्याआधी ऑटोमॅटिकचं काम जाणणाऱ्या मेकॅनिकला गाडी दाखवा.

ऑइल गुलाबी, दुधाळ, लस्सीसारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. रेडिएटरच्या आतला, हे ऑइल थंड करणारा कूलर फुटला असेल, किंवा पावसाळ्यात गाडी तुंबलेल्या पाण्यात उभी राहिली असेल आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून) पाणी गेलं असेल. क्लच प्लेटचं अस्तर कागदासारखं असतं, चिकटवून बसवलेलं. पाण्याने ते सुटायला लागतं. अशी गाडी "गॅरेजपर्यंत नेतो" म्हणून चालवू नका. सुरूही करू नका, उचलूनच न्या.