संगणकाला वेबपाने वाचून ज्ञान टिपायला कसे शिकवावे

प्रथम ‘शहर’, ‘नदी’ असे वर्ग ठरवून प्रत्येकाची दहा-पंधरा खात्रीची उदाहरणे द्यावीत. मग ती नावे ज्या शब्दरचनांत येतात, जसे ‘अमुक शहराचे महापौर’, त्या संगणकाने पानोपानी हुडकाव्यात आणि त्यांच्याच आधारे नवी नावे टिपावीत. खरी मेख पुढेच आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेल्या, अशाच रीतीने शिकणाऱ्या ‘नेल’ प्रणालीने इंटरनेटच्या ‘कुकीज’ (संकेतस्थळे आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदी) बिस्किटे समजून बेकरीच्या पदार्थांच्या वर्गात घातल्या आणि कुकीजप्रमाणे फाइलीही ‘डिलीट’ होतात म्हटल्यावर त्यांनाही तिथेच बसवले! म्हणून कोणते वर्ग एकमेकांत मिसळू शकत नाहीत ते आधीच सांगावे, एकाच रचनेच्या साक्षीवर विसंबू नये आणि दर काही फेऱ्यांनी माणसाने यादी नजरेखालून घालावी.