३० बाय ४० च्या प्लॉटवर घर: नकाशा काढण्याआधीची तयारी

लहान प्लॉटवर खोल्या कशाही बसवता येतात, पातळ्या मात्र नंतर बदलता येत नाहीत. म्हणून हॉल कुठे आणि किचन कुठे हा वाद थोडा लांबवा आणि आधी मोजमाप हातात घ्या.

भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, घ्या. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट यांवरचं क्षेत्र एकमेकांशी जुळवून बघा. मग जागेवर टेप धरा. ३० बाय ४० चा काटकोनी प्लॉट असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट भरतात. एक जरी सहा इंचांनी कमी भरला, तरी नकाशातली भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ शकते. नाशिकमध्ये प्लॉट गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवी या नद्यांजवळ असेल तर महापालिकेकडून पूररेषा तपासा: नदीजवळची निळी आणि तिच्या बाहेरची, मोठ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही आणि लाल रेषेच्या आत जोत्याच्या उंचीची अट लागते. सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, रस्त्याच्या रुंदीवर ठरतात, ती आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

आता पातळ्या. गवंड्याची पातळी बघायची पाणी भरलेली नळी घ्या आणि रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापासून मोजा. रस्ता दर डांबरीकरणाला चढतो, म्हणून जोतं किमान दोन फूट वर हवं. पण गाडी दोन फूट चढवायची तर १:८ उताराने रॅम्पलाच १६ फूट लागतील आणि तेवढी जागा पुढे नसते. त्यामुळे पार्किंग रस्त्यापेक्षा सहाच इंच वर ठेवा आणि तिथून सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांनी घरात शिरा.

त्याच दिवशी रस्त्यावरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण उचला आणि आतल्या पाइपचा तळ किती खोल आहे ते मोजा. मागच्या टॉयलेटपासून चेंबर ४० फूट लांब असेल, तर चार इंची पाइपला १:६० उताराने आठ इंच उतार द्यावा लागतो. तेवढी खोली मिळत नसेल तर टॉयलेट पुढे आणा. हे जोतं भरल्यावर लक्षात आलं, तर पाइप सपाट टाकला जातो आणि मग तो सारखा तुंबत राहतो.

पायासाठी दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्या. नाशिकच्या बऱ्याच भागांत वर काळी माती असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खड्ड्याच्या बाजूला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. फूटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, तिच्याखालच्या कडक मुरुमावरच बसलं पाहिजे. किती खोल जायचं हे शेजारच्या घरावरून ठरवू नका, आरसीसी कन्सल्टंटला (पाया-कॉलमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला) खड्डा दाखवा. निघालेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका, फरशा उचलतात. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसून भरायचा.

जिन्याची जागा खोल्यांच्या आधी राखा. मजल्याची उंची साडेदहा फूट धरली तर सात इंचांच्या १८ चढण्या होतात, दोन टप्प्यांत नऊ-नऊ. नववी चढण लँडिंगवरच संपते, म्हणून एका टप्प्यात दहा इंचांच्या आठ पायऱ्या आणि तीन फुटांचं लँडिंग मिळून लांबी पावणेदहा फुटांच्या आसपास जाते आणि रुंदी साडेसहा फूट लागते. यात फूटभर काटलं तर पायऱ्या उभ्या होतात आणि आजीला गच्चीवर वाळवण घालायला जाता येत नाही. जिना आणि टॉयलेट पश्चिमेला घातले तर एप्रिल-मेचं दुपारचं ऊन तेच झेलतात. पाऊसही बहुतेक त्याच बाजूने झोडपतो, म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांना दोन फुटांचा छज्जा द्या. मध्यभागी उजेडासाठी चार बाय सहा फुटांचा डक्ट, म्हणजे वरून उघडी मोकळी जागा, राखा आणि त्याच्या तळाला पाणी निघून जायला नहाणी ट्रॅप आठवणीने बसवा.

आई-वडिलांची खोली तळमजल्यावर ठेवा आणि तिथल्या टॉयलेटचं दार तीन फुटांचं करा.

पाणी: पाच माणसांना माणशी १३५ लिटर धरले तर रोजचे ६७५ लिटर होतात. आतून ६ बाय ६ बाय ५ फुटांच्या जमिनीखालच्या टाकीत सुमारे ५,००० लिटर मावतात, म्हणजे आठवडाभराची सोय. ती चेंबरपासून दूर घ्या. वरची १,५०० लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन दीड टन होतं. ती कुठल्या कॉलमवर बसणार आणि सोलर पॅनेलवर तिची सावली पडणार का, हे आरसीसी ड्रॉइंग सुरू होण्याआधी सांगा.