शैक्षणिक कर्ज काढताना

शैक्षणिक कर्जाची सुरुवात बँकेत नव्हे, तहसील कार्यालयात होते. उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय ना शुल्कसवलत मिळते ना व्याजाचे अनुदान, आणि प्रवेशाच्या हंगामात सेतू केंद्रांवर झुंबड उडत असल्याने तो बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवावा.

त्यानंतर कर्जाची गरज किती कमी करता येते ते पाहावे. महाराष्ट्रात 'कॅप'मधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ओबीसी प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. त्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती मिळत नाही, ही गोष्ट जागा मिळवून देणारे मध्यस्थ सहसा सांगत नाहीत.

उरलेल्या रकमेसाठी केंद्र सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवर आपली संस्था योजनेच्या यादीत आहे का ते तपासावे. असल्यास तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. मात्र दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ घेणाऱ्याला ही व्याजसवलत नाही, म्हणून दोहोंपैकी फायद्याचे काय याचा हिशेब आधी करावा. संस्था यादीत नसली तरी बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. खर्चाच्या अंदाजपत्रकात वसतिगृह, पुस्तके व संगणकही धरावेत.

हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याजाला सुट्टी नसते. दरवर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षे १० टक्के सरळव्याजाने कर्ज उचलल्यास पहिल्या हप्त्याच्या दिवशी ४ लाखांवर १ लाख ४० हजारांचे व्याज चढलेले असते. घरून जमेल तेवढे व्याज शिक्षण चालू असतानाच भरत राहिल्यास पुढचा हप्ता हलका होतो.

'तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत राहत नाही' या कारणाने अर्ज नाकारण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शाखेने तोंडी नकार दिला तर कारण लेखी मागावे, बँकेकडे तक्रार नोंदवावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागावी.