सोलापूर ते पंढरपूर, सायकलने एका दिवसात

उन्हाळ्यात हा बेत आखूच नका, डिसेंबर-जानेवारी उत्तम. मोहोळमार्गे अंतर सत्तरेक किलोमीटर. सकाळी ६ ला निघालात तर ऊन चढायच्या आत मोहोळ मागे पडतं. तिथपर्यंत पुण्याचा हायवे आहे, म्हणून मागचा लाल दिवा चालू ठेवा आणि रस्त्याच्या कडेने चला.

पण कडेलाच वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात. पंक्चर होणार हे धरूनच निघायचं. २ ट्यूब, टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायची पट्टी), पॅच, पंप आणि चिमटा सोबत हवाच. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा तुकडा गोल फिरवा; काट्याचं तुटलेलं टोक असेल तिथे कापड अडकतं. ते टोक काढलं नाही तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. ३२ मिमी रुंदीच्या टायरला ६० ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरे. कॅरिअरवर ओझं असेल तर मागच्या चाकात ५ जास्त.

पाणी ३ लिटर, त्यातल्या एका लिटरमध्ये ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वाटेत न बिघडणारं याहून चांगलं खाणं नाही.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तोंडावर. तेव्हा गिअर हलका ठेवा आणि तास-दीड तास जादा धरा.