जुन्या वाड्याची बाग पुन्हा उभी करताना

जुन्या वाड्याची उजाड बाग पुन्हा फुलवायची ठरली की पावले आधी रोपवाटिकेकडे वळतात. माझे मात्र आग्रहाचे सांगणे आहे की पहिले वर्षभर एकही रोप लावू नये आणि आधी पाण्याची वाट शोधावी. विहिरीवर मोटेचे थारोळे, म्हणजे बैलांनी ओढलेल्या मोटेचे पाणी जिथे ओतले जाई ते कुंड, शिल्लक असेल, तर तिथून पाट कोणत्या अंगाला निघत होता हे पाहून त्या रेषेत टिकावाने नव्हे, तर खुरप्याने माती खरवडत जावे. वीतभर खाली चुन्याचा पांढुरका थर किंवा घडीव दगडाची कड लागली, की हात थांबवून मोजमाप घ्यावे, छायाचित्र काढावे आणि मगच पुढे सरकावे. वाडा संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय खुरपेही लावू नये.

पाटाचा उतार हा या कामाचा प्राण आहे. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याची बाग १९९७ ते २००३ या काळात पुन्हा सजीव करण्यात आली, तेव्हा तिथल्या पाटांना ४० मीटरला अवघा १ सेंटीमीटर उतार राखावा लागला. एवढा सूक्ष्म उतार नजरेला दिसत नाही, म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून ठरावीक अंतरावर पातळी तपासावी. शिवाय पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन स्वतः बागेत उभे राहावे. पाणी कुठे तुंबते आणि कुठून आपसूक वाहते, हे त्या तासाभरात जितके कळते तितके कोणत्याही नकाशावरून कळत नाही.

हौदाच्या भेगा सिमेंटने बुजवू नयेत. सिमेंट कडक असते, ओल आत कोंडून धरते आणि मग शेजारचा जुना चुना व दगडच फुटू लागतो. भिजवून मुरवलेला चुनाच वापरावा.

लागवड यानंतर. बकुळ, सोनचाफा, पारिजातक, अनंत, मोगरा आणि डाळिंब ही झाडे पेशवाईतल्या वाड्याला शोभतात. मूळचा मादागास्करचा गुलमोहर आपल्याकडे त्यानंतर आला, तेव्हा तो नव्याने लावू नये. मात्र आधीपासून उभा असलेला गुलमोहर केवळ काळाशी जुळत नाही म्हणून तोडणे मला मान्य नाही. त्याच्या सावलीत रोपे वाढत नाहीत, इतके ध्यानात ठेवून नवी आळी पाटाच्या कडेने, उन्हाच्या बाजूला करावीत.