वळ्यांचे भांडे: आठवी-नववीच्या वर्गासाठी मातीकामाचा प्रकल्प

शाळेतली भांडी भट्टीत फुटली की मुलांना एकच कारण ऐकवले जाते, मातीत हवा राहिली. ते कारण चुकीचे आहे. भांडे फुटते ते भिंतीत अडकलेल्या पाण्यामुळे. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. भिंत जाड असेल आणि आच भरभर वाढली, तर वाफेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि ती भिंतच उडवते. म्हणून या प्रकल्पात दोन गोष्टींवर सगळे लक्ष द्या: भिंतीची जाडी आणि वाळवण.

माती आणि सामान

एका मुलाला ५०० ग्रॅम ओली माती पुरते. चाळीस मुलांच्या वर्गासाठी २० किलो, आणि चिखलासाठी व मोडतोडीसाठी वर ४-५ किलो धरा. शाडू आणू नका. ती गणपतीसाठी उत्तम, पण ती मूर्ती न भाजता वाळवायची असते. जवळच्या कुंभाराकडून, तो भांड्यांना वापरतो तीच माती घ्या आणि आव्यात आपली भांडी भाजून मिळतील का, हेही तेव्हाच विचारून ठेवा. बाकी सामान घरातलेच: जुना काटा-चमचा, वाटीभर पाणी, सुती फडके, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, खाली अंथरायला गोणपाटाचा तुकडा. गोणपाटावर माती चिकटत नाही.

घडण: जोडून दोन तासिका

माती कणकेसारखी दहा मिनिटे मळा. हवेने भांडे फुटत नसले तरी बुडबुड्याच्या जागी भिंत कच्ची राहते, म्हणून मळणे चुकवायचे नाही.

तळासाठी ८ सेंटिमीटर व्यासाची, ८ मिलिमीटर जाडीची चकती थापा आणि अंगठ्याने मध्यापासून कडेकडे दाबून घ्या. न दाबलेला तळ वाळताना मधोमध चिरतो.

आता करंगळीएवढ्या जाडीच्या, २८ सेंटिमीटर लांबीच्या वळ्या, म्हणजे मातीच्या दोऱ्या, करा. त्या बोटांच्या टोकांनी वळल्या की कुठे जाड, कुठे बारीक होतात. तळहात उघडा ठेवून मधून बाहेर सरकवत वळा. चकतीच्या कडेवर काट्याने रेघोट्या ओढा, दह्याएवढा दाट चिखल लावा आणि वळी बसवा. मग सगळ्यात महत्त्वाचे: आतल्या बाजूने अंगठ्याने वरच्या वळीची माती खालच्या वळीवर ओढून सांधा पुसून टाका. बाहेरून वळ्या दिसू द्यायच्या असतील तर खुशाल ठेवा, पण आतून सांधा दिसता कामा नये. मुले घाईत नेमके हेच टाळतात आणि आठवड्याने भांडे वळीच्या रेषेवर गोल सुटून येते.

तीन वळ्या झाल्या की पंधरा मिनिटे थांबा. लगेच पुढे चढवले तर खालची ओली भिंत वजनाने फुगते. एवढ्या मातीत १० सेंटिमीटर उंची सहज मिळते. तास संपला की काठावर ओले फडके आणि वरून पिशवी घाला. पुढच्या तासाला काठ ओलाच हवा, कारण वाळलेल्या काठावर ओली वळी धरत नाही. कान किंवा मूठ लावायची असेल तर तीही भांड्याएवढीच ओली असू द्या.

घोटाई

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भांडे चामड्यासारखे घट्ट होते: नखाची खूण उमटते, पण बोटाने दाबले तर दबत नाही. हीच घोटायची वेळ. गुळगुळीत गोट्याने किंवा चमच्याच्या पाठीने लहान गोल फिरवत घासा. आधी गेरूचा पातळ हात दिला तर रंगही खुलतो. फार तापवलेल्या भट्टीत ही चकाकी उडते, म्हणून घोटलेली भांडी ९५० अंश सेल्सिअसच्या आतच भाजा.

वाळवण

पहिले तीन दिवस पिशवी सैल घालून सावलीत, मग उघडे. पंख्याखाली किंवा खिडकीत ठेवू नका. एक बाजू आधी आकसते आणि तडा जातो. भांडे वाळले का, ते गालाला लावून पाहा. गार लागले तर आत पाणी आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा: सलग दोन दिवस वजन तेवढेच भरले की भांडे तयार. ५०० ग्रॅमचे भांडे साधारण ४०० ग्रॅमवर येते. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये याला तीन आठवडेही लागतात, त्यामुळे हा प्रकल्प दिवाळीनंतर घ्यावा हे बरे.

भाजणे

विजेच्या भट्टीची सोय असेल तर पहिले तीन तास ८०-९० अंशांवर, झाकण किंचित उघडे. मग ६०० अंशांपर्यंत तासाला शंभरपेक्षा जास्त चढवू नका. ५७३ अंशांना मातीतल्या गारेचे (क्वार्ट्झचे) कण एकदम फुगतात आणि उतरताना तिथेच आकसतात. निवताना १०० अंशांखाली आल्याशिवाय दार उघडायचे नाही. अशी भांडी पाणी झिरपवतात; ती रोपांना, पेन्सिलींना ठेवा, जेवणाला नकोत.

बाके झाडूने कोरडी झाडू नका. वाळक्या मातीची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसा. हात बादलीत धुवा, बेसिनमध्ये नको, नळी तुंबते. न भाजलेली मोडकी भांडी त्याच बादलीत टाका, चार दिवसांत पुन्हा माती तयार. भाजून फुटलेली खापरे मात्र विरघळत नाहीत. ती ओली करून कुटा, चाळा आणि पुढच्या वर्षीच्या मातीत दहा टक्क्यांपर्यंत मिसळा. ती भांडी कमी आकसतील आणि कमी चिरतील.